रोग्याचे म्हणणे

आपल्या गावात आता डॉक्टरांची वाण राहिलेली नाही. भडगाव रोडने एक चक्कर मारली तर दवाखान्यांच्या पाट्या मोजता मोजता माणूस दमेल. रक्त तपासण्याची सोय आहे, सोनोग्राफी आहे, छातीचा फोटो थोड्या वेळात हातात पडतो. ज्या तपासणीसाठी पूर्वी धुळ्याला किंवा नाशिकला जावे लागे, ती आता घराजवळ होते. ही प्रगती खरी आहे आणि तिला नावे ठेवण्यासाठी मी हा विषय घेतलेला नाही. परंतु दवाखान्यातून बाहेर आलेल्या कामगाराला ‘डॉक्टर काय म्हणाले?’ असे विचारले तर तो औषधांची चिठ्ठी पुढे करतो, आणि ‘तू काय सांगितलेस?’ असे विचारले तर पुष्कळदा उत्तर येते, ‘सांगानंच ऱ्हाई गयं.’ सांगायचेच राहून गेले! दोनशे रुपये फी दिली, दिवसाची मजुरी बुडाली, आणि ज्यासाठी गेलो ते सांगायचेच राहिले. या राहून गेलेल्या बोलण्याची किंमत काय, याचा थोडा विचार आपण करू.

प्रथम एक खुलासा. मी वैद्यकशास्त्र शिकलेलो नाही. नववीनंतर शाळा सुटली. पुढचे सारे शिक्षण वाचनालयात आणि कामगारांच्या सभांत झाले. जिनिंग-प्रेसिंगमधले मजूर, बाजारातले हमाल-मापाडी आणि तांड्यांवरचे ऊसतोड कामगार यांच्यात माझी उमर गेली. म्हणून औषध कोणते द्यावे हे मी सांगणार नाही. मात्र ऐकणे हा संघटनेच्या माणसाचाही धंदाच आहे, आणि त्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. माणूस पहिल्याने जी तक्रार सांगतो, ती बहुधा त्याची खरी तक्रार नसते. पिण्याच्या पाण्याचे गाऱ्हाणे घेऊन आलेला गडी पाण्याचे बोलून होते, संडासाचे बोलून होते, मग उठतो, दारापर्यंत जातो, चप्पल पायात घालतो आणि म्हणतो, ‘अन् एक सांगायचं होतं.’ ते ‘अन् एक’ म्हणजे तीन महिन्यांचा अडकलेला पगार असतो, किंवा मुकादम त्याच्या बायकोला काही वावगे बोललेला असतो. तो चप्पल घालीपर्यंत जो थांबला नाही, त्याला खरी तक्रार कधी कळतच नाही. डॉक्टरांशी बोलताना मी हे सांगितले तेव्हा त्यांतले जुने-जाणते हसले. त्यांचाही अनुभव हाच आहे. पोटदुखीसाठी आलेला माणूस पडदा बाजूला सारता सारता छातीतल्या कळेबद्दल बोलतो.

आपल्या देशात हा विचार नवा नाही. सुश्रुताने रोग जाणण्याचे सहा उपाय सांगितले आहेत. पाच ज्ञानेंद्रिये हे पाच, आणि सहावा प्रश्न. वाग्भटाने ते आटोपशीर करून पाहणे, स्पर्श करणे आणि विचारणे असे तीनच ठेवले. चरकाने तर रोग्याची स्वप्ने, त्याच्या इच्छा, आवडीनिवडी, त्याचे सुखदुःख या गोष्टी त्याला विचारूनच जाणून घ्याव्यात असे स्पष्ट म्हटले आहे. असे असूनही खेडोपाडी समजूत उलटीच रुजली. खरा वैद्य तो, जो नाडी धरताच सारे ओळखतो. त्यामुळे काही रोगी डॉक्टरची परीक्षाच घेतात. समोर मनगट धरतात आणि गप्प बसतात. मी सांगितल्यावर ओळखले तर तो डॉक्टर कसला! नाडीची जागा आता यंत्राने घेतली, एवढाच फरक. यंत्रात सारे दिसते अशी दोन्ही बाजूंची खात्री झाली की बोलण्याचे कारणच उरत नाही.

यंत्रात किती दिसते आणि बोलण्यात किती कळते, याचा हिशेब इंग्लंडमध्ये हॅम्टन नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली मांडला. बाह्यरुग्ण विभागात नव्याने आलेले ऐंशी रोगी त्यांनी घेतले. नुसती हकीकत ऐकून डॉक्टरांनी रोगाचे निदान लिहून ठेवले, मग अंग तपासले, मग प्रयोगशाळेच्या चाचण्या केल्या. शेवटी जे निदान कायम झाले, ते ऐंशीपैकी सहासष्ट रोग्यांच्या बाबतीत हकीकत ऐकल्यावरच झालेले होते. अंग तपासल्याने सातांचे बदलले, चाचण्यांनी आणखी सातांचे. यानंतर यंत्रे पुष्कळ सुधारली, हे कबूल. तरी कोणते यंत्र कोठे लावावयाचे हे अजून रोग्याच्या तोंडूनच कळते.

आता मी माझ्या वर्गाच्या प्रश्नाकडे येतो. इटलीत मोडेना शहरी बर्नार्दिनो रामाझिनी नावाचा एक वैद्य होता. त्याच्या घरचा मैलाखड्डा उपसण्यासाठी एक मजूर आला होता. तो मजूर जिवाच्या आकांताने, धापा टाकीत काम उरकत होता. वैद्याला दया आली. त्याने विचारले, ‘बाबा, एवढी घाई कशाला? जरा दमाने घे.’ मजुराने मान वर करून सांगितले की, या खड्ड्यात जास्त वेळ राहिले तर डोळे जातात. घरी जाऊन अंधाऱ्या खोलीत पडून राहावे लागते, डोळे पुन्हा पुन्हा धुवावे लागतात. रामाझिनीने त्याचे डोळे पाहिले. मग शहरातले हा धंदा करणारे आणखी लोक शोधले, तर त्यांत अर्धवट आंधळे आणि पूर्ण आंधळे होऊन भीक मागणारे आढळले. या एका संभाषणातून पुढे एक ग्रंथ निघाला. कामकऱ्यांच्या रोगांवरचा तो ग्रंथ १७०० साली प्रसिद्ध झाला. खाणीतले, कुंभार, धोबी, सुईणी, लेखनिक, अशा कितीतरी धंद्यांत माणसाला काय होते ते त्यात लिहिले आहे. वैद्यकाच्या आद्य ग्रीक आचार्यांनी रोग्याला विचारावयाचे जे प्रश्न सांगितले होते, त्यांत रामाझिनीने आपला एक प्रश्न जोडला: तुम्ही काम काय करता? आणि गरिबाच्या घरी गेलेल्या वैद्याने उभ्या उभ्या नाडी पाहून निघू नये, साध्या तिवईवर का होईना पण सोन्याच्या खुर्चीवर बसल्याप्रमाणे बसावे आणि विचारावे, असेही त्याने सांगून ठेवले. मला या माणसाविषयी फार आदर वाटतो. तो पुढे पादुआच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला, पण खड्ड्यातल्या मजुराकडून शिकण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

‘काम काय करता?’ हा प्रश्न साधा आहे. तो न विचारल्याने काय होते हे खानदेशाला चांगले ठाऊक असावयास हवे, कारण आपला मुलूख कापसाचा. जळगाव, अमळनेर, धुळे आणि आपले चाळीसगाव या चारही गावी कापडगिरण्या होत्या. आपल्या गिरणीचा भोंगा आता वाजत नाही. पण त्या भोंग्यावर ज्यांनी घड्याळ लावले ते म्हातारे अजून गल्लोगल्ली भेटतात आणि त्यांत दमेकरी किती, ते त्यांच्या शेजाऱ्यांना विचारावे.

कापसाच्या धुळीने होणाऱ्या या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. त्याची चाल विलक्षण आहे आणि ती समजली तर माझा सारा विषय समजला असे मी म्हणेन. गिरणीत गाठी फोडून कापूस पिंजतात ते खाते आणि त्यापुढचे कार्डिंगचे खाते, येथे धूळ सर्वांत अधिक. या धुळीत नुसता कापूस नसतो. बोंडाचा आणि पानाचा चुरा असतो, आणि त्यावर वाढलेल्या जंतूंचे विषही असते. काही वर्षे या खात्यात काढलेला कामगार साप्ताहिक सुट्टी घेऊन दुसऱ्या दिवशी कामावर आला की काही तासांनी त्याची छाती आवळल्यासारखी होते, खोकला येतो, दम लागतो. दुसऱ्या दिवशी जरा कमी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काही नाही. पुन्हा सुट्टी, पुन्हा पहिल्या दिवशी तेच. विलायतेत सुट्टी रविवारची, म्हणून तिकडच्या कामगारांनी याला सोमवारचा आजार असे नावच दिले. सुरुवातीच्या काळात माणसाला त्या धुळीतून बाजूला काढले तर तो बरा होऊ शकतो. तसाच ठेवला तर एका दिवसाचे दोन होतात, दोनाचे आठवडाभर होते, आणि शेवटी काम सोडले तरी दम सुटत नाही.

आता हा कामगार गुरुवारी डॉक्टरकडे गेला असे समजा. त्या दिवशी छाती मोकळी. फोटो काढला तर या रोगाची म्हणून काही खूण फोटोत दिसत नाही. थुंकी तपासली, क्षय नाही. डॉक्टर विचारतात, ‘खोकला किती दिवसांचा?’ तो सांगतो, ‘दोन वर्षांचा.’ ‘बिडी पितोस?’ ‘पितो.’ ‘बिडी सोड,’ आणि खोकल्याची बाटली. बिडी सोडावी हे खरेच, बिडीने हा रोग बळावतो. पण रोग हाती लागला नाही. तो हाती लागण्यासाठी एकच प्रश्न पुरेसा होता: ‘कोणत्या दिवशी जास्त होते?’ लँकेशायरच्या गिरण्यांत या रोगाचा अभ्यास करणारे डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी १९५० नंतरच्या दशकात त्याच्या पायऱ्या ठरवून दिल्या, आणि त्या पायऱ्या कामगाराच्या उत्तरावर उभ्या आहेत. पहिल्या दिवशी कधीमधी छाती आवळते का? दर आठवड्याला पहिल्या दिवशी? इतर दिवशीही? फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजण्याचे यंत्र पुढे मदतीला येते. तेही पहिल्या दिवशी, पाळीच्या आधी आणि नंतर लावावे लागते. तो पहिला दिवस कोणता, हे कामगारच सांगणार.

हा रोग विलायतेचा, आपल्याकडे विरळा, अशी समजूत हिंदुस्थानात पुष्कळ वर्षे होती. मुंबईला के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत आणि त्यांचे सहकारी यांनी गिरणी कामगारांच्या फुप्फुसांचा अभ्यास करून १९८१ साली तो प्रसिद्ध केला. साधा जुनाट दमा आणि बिसिनोसिस यांत फरक कसा करावा हाच त्यांचा प्रश्न होता. पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉ. व्ही. मुरलीधर आणि त्यांचे सहकारी यांनी मुंबईच्या एका गिरणीतील कामगार तपासून १९९५ मध्ये निबंध लिहिला. रोग तेथे होताच. विचारणारा भेटला तेव्हा तो दिसला. या कामात डॉक्टर आणि कामगार चळवळीतली माणसे एकत्र बसली होती, ही गोष्ट मी मुद्दाम नमूद करतो.

जिनिंगची तऱ्हा याहून निराळी आणि अधिक अवघड आहे. दिवाळीच्या सुमारास हंगाम सुरू होतो. सरकी एकीकडे, रुई दुसरीकडे, आणि धूळ सगळीकडे. ऐन भरात सुट्टी मिळेलच असे नाही. तेव्हा ज्याला सुट्टीच नाही त्याचा ‘पहिला दिवस’ कोठून येणार? मला आमच्या मजुरांकडून जे ऐकावयास मिळते ते असे की हंगामाच्या पहिल्या आठवड्यात छाती भरते, मग ‘सवय होते’, आणि हंगाम संपल्यावर घरी गेले की बरे वाटते. ज्या डॉक्टरला हंगाम ठाऊक नाही त्याला ही चाल कशी उमगावी? आणि डॉक्टर तरी कोणता? कामगार राज्य विमा योजनेच्या १९४८ च्या कायद्याने हंगामी कारखाने वगळले, आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत कापसाच्या जिनिंगचे नाव ठळकपणे घातले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार कायद्यांच्या नव्या संहिता लागू झाल्या. त्यांतही हंगामी कारखाना विम्याच्या बाहेरच आहे. म्हणजे कापसाच्या धुळीचा रोग विम्याच्या यादीत आहे, पण कापूस जेथे प्रथम उघडतो तेथील मजुराला विम्याचा डॉक्टर नाही. हा अन्याय डॉक्टरांचा नव्हे, कायद्याचा आहे. परंतु खासगी दवाखान्यात ‘काम काय?’ हे विचारले गेले आणि कागदावर लिहिले गेले, तर उद्या भांडावयाला आमच्या हाती काही पुरावा तरी येईल. धंद्यामुळे झालेला ठरावीक रोग दिसला तर डॉक्टरने कारखाना निरीक्षकाला कळविले पाहिजे, हा नियम १९४८ च्या कारखाना कायद्यात होता आणि नव्या संहितेतही तो ठेवला आहे. जिल्ह्यातल्या किती डॉक्टरांनी असा कागद कधी पाठविला असेल, याचा अंदाज श्रोत्यांनीच करावा.

स्त्रियांचे दुःख याहून खोल आहे, कारण तेथे बोलणेच अवघड. आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या तेव्हा १८८३ साली श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी आपले कारण सांगितले होते. ते बंगालमधले श्रीरामपूर, आपले नगरकडचे नव्हे. हिंदू स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे आपले दुखणे बोलू शकत नाहीत, म्हणून स्त्री डॉक्टर हव्यात. १८८६ साली त्यांना पदवी मिळाली. शंभर वर्षांनी, १९८६ साली, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य गडचिरोलीत कामाला लागले. त्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. निबंध १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. शंभरांत ब्याण्णव स्त्रियांना स्त्रीरोग होता, आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या शंभरांत आठच. तोपर्यंत जगाच्या आरोग्य योजनांत गरीब देशातली खेड्यातली बाई म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच होते. बाकीचे तिने कोणाला सांगितले नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते. बंगांनी पुढे आदिवासींना विचारून दवाखाना उभारला. झोपड्यांसारख्या खोल्या, नातेवाइकांना सोबत राहण्याची सोय, आणि नाव त्यांच्या दंतेश्वरी देवीचे. ऐकण्याचा परिणाम भिंतींवरही होतो तो असा.

याच्या उलट चित्र बीड जिल्ह्याचे. आपल्या तालुक्यातल्या तांड्यांवरूनही दरवर्षी टोळ्या ऊसतोडीला जातात, तेव्हा हे परक्याचे म्हणून सोडून देता येत नाही. उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. एक दिवस खाडा झाला तर दंड. बाई पहाटे अंधारात उठते, डोक्यावर मोळ्या वाहते, फडाशेजारच्या कोपीत राहते. न्हाणी नाही, संडास नाही, पाळीच्या दिवसांत कापड धुवायला पाणी नाही. मग ‘अंगावरून जाते’ म्हणून ती डॉक्टरकडे येते. राज्य सरकारने २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. सहा बायकांत एक! यांतल्या काही शस्त्रक्रिया आवश्यक असतीलच. सगळ्यांवर एकच शिक्का मारणे योग्य नव्हे. काही ठिकाणी पैशाचा लोभ होता, काही ठिकाणी कर्करोगाची भीती घातली गेली, आणि काही ठिकाणी खाड्याला कंटाळलेल्या बाईनेच ‘काढून टाका’ म्हटले. पण ती असे का म्हणते, हे विचारावयाला कोणी पाच मिनिटे बसले असते तर औषधाच्या गोळीने आणि फडावरच्या पाण्याच्या टाकीने जमले असते तेथे पिशवी काढण्याची वेळ आली नसती. गर्भाशय गेलेली तिशीची बाई पुढच्या हंगामात पुन्हा मोळी उचलते. तिची कंबर दुखते, हाडे दुखतात, आणि त्यासाठी ती पुन्हा डॉक्टरकडे जाते.

यावर डॉक्टरांचे उत्तर मला माहीत आहे: वेळ नाही. उत्तर खोटे नाही. २०१७ साली निरनिराळ्या देशांतील प्राथमिक तपासणीच्या वेळेचा आढावा प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये एका रोग्याला साडेबावीस मिनिटे, बांगलादेशात अठ्ठेचाळीस सेकंद, हिंदुस्थानात सुमारे दोन मिनिटे. ग्रामीण रुग्णालयाच्या ओसरीवरची रांग ज्याने पाहिली आहे त्याला या दोन मिनिटांचे आश्चर्य वाटणार नाही. तरीही या वेळेचा एक गमतीदार हिशेब आहे. अमेरिकेत १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल यांनी डॉक्टर-रोग्यांची संभाषणे ध्वनिमुद्रित करून पाहिली, तर रोगी बोलू लागल्यापासून सरासरी अठरा सेकंदांत डॉक्टर त्याला तोडीत होते. आपले म्हणणे पुरे करू शकलेले रोगी शंभरांत तेवीस. बोलू दिले तर तो तासभर बोलेल, ही भीती. ती भीती स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी २००२ साली तपासून पाहिली. ३३५ रोग्यांना त्यांनी मध्ये न तोडता बोलू दिले आणि गुपचूप घड्याळ लावले. सरासरी ब्याण्णव सेकंदांत रोगी आपण होऊन थांबले. शंभरांत अठ्ठ्याहत्तर दोन मिनिटांच्या आत. आमच्याकडची माणसे जरा पाल्हाळ लावतात, हे मी जाणतो. मावशीच्या लग्नापासून सुरुवात करणारे रोगी मीही पाहिले आहेत. त्यांचे तीन मिनिटे धरू.

मात्र ऐकावयाला माणूस ताजा लागतो. चोवीस-चोवीस, छत्तीस-छत्तीस तास पाळी करणाऱ्या निवासी डॉक्टरकडून धीराची अपेक्षा करणे म्हणजे चौदा तास हमाली केलेल्याला कुस्ती खेळ म्हणण्यासारखे आहे. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात रोग्याच्या नातेवाइकांनी एका तरुण डॉक्टरला इतके मारले की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. त्यानंतर राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. मारणाऱ्यांचे समर्थन कोणत्याही परिस्थितीत होणार नाही. पण त्या संपाकडे मी कामगार म्हणून पाहिले. पाळीचे तास, माणसांची भरती, सुरक्षितता या मागण्या आमच्याच मागण्या आहेत. जो स्वतः पिळला जातो तो दुसऱ्याचे ऐकण्यास उरत नाही, हे पगारी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. सरकारी दवाखान्यांतली रिकामी पदे भरा, ही मागणी रोग्यांची आणि डॉक्टरांची मिळून एकच असली पाहिजे.

आणखी एक अडचण भाषेची. बाहेरून आलेला डॉक्टर पुस्तकी मराठी बोलतो. समोरची म्हातारी अहिराणीत सांगते, ‘छातीमा कसंतरी व्हस, माले दम लागस.’ ‘कसंतरी’ म्हणजे दुखणे की जळजळ की धडधड? हे एका शब्दात तिला सांगता येत नाही आणि त्याला विचारता येत नाही. ‘नस चढली’, ‘गरमी झाली’, ‘बाहेरचे आहे’ या शब्दांना हसून पुढे जाणारा डॉक्टर निम्मी हकीकत गमावतो. तांड्यावरच्या बाईचे तर नवराच दुभाषा होतो, आणि मग जे नवऱ्याने ऐकावयास नको तेच नेमके सांगावयाचे असते. वैद्यकीय शिक्षणात २०१९ च्या प्रवेशापासून वृत्ती, नीती आणि संवाद यांचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला, ही चांगली गोष्ट आहे. धुळ्याला आणि जळगावला सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथल्या मुलांना त्या अभ्यासक्रमात महिनाभर अहिराणी शिकवावी, अशी माझी सूचना आहे. शिकवावयाला माणसे आम्ही देऊ. मानधन नको, चहा पुरे.

डॉक्टर विचारोत वा न विचारोत, आपण सांगावयास शिकले पाहिजे, म्हणून आमच्या संघटनेने एक साधे कार्ड छापले आहे. नाव, वय, काम कोणते, किती वर्षे, पूर्वी कोणते काम केले, कामात धूळ, धूर, रसायन किंवा जड ओझे आहे काय, त्रास केव्हा वाढतो, सुट्टीत कमी होतो काय, आणि पूर्वी कोणती औषधे घेतली. इतकेच. लिहिता येत नसेल तर कार्यालयात संध्याकाळी कोणीतरी लिहून देतो. सुईचा आणि सलाईनच्या बाटलीचा आग्रह धरू नये, हेही आम्ही तोंडी सांगतो; कारण जो रोगी आत शिरताच ‘सुई मारा’ म्हणतो तो डॉक्टरला विचारण्याची सवड देत नाही. काही डॉक्टर कार्ड बाजूला ठेवतात. काही वाचतात, आणि एकदोघांनी तर आपल्या केसपेपरावर ‘व्यवसाय’ हा रकाना नव्याने छापून घेतला. स्त्रियांचे कार्ड स्त्री कार्यकर्त्याच भरतात आणि ते बंद पाकिटात जाते. दसऱ्याच्या आसपास टोळ्या निघण्यापूर्वी या वर्षी ते प्रत्येक तांड्यावर पोहोचावे असा प्रयत्न आहे. त्यासाठी लिहिता-वाचता येणाऱ्या, मोकळ्या वेळात दोन तास देऊ शकतील अशा भगिनी आम्हांला हव्या आहेत.